नोटेवरचं वचन

पेकिंगहून तार आली ती 12 मे 1916 रोजी. बँक ऑफ चायना आणि बँक ऑफ कम्युनिकेशन्स या दोन बँकांनी नोटांच्या बदल्यात चांदी देणं तात्काळ थांबवावं आणि ठेवीही परत करू नयेत, असा सरकारी हुकूम होता. कारण शांघायमधल्या हमालालाही ठाऊक होतं. राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईला सम्राट व्हायचं होतं, ते अंगाशी आलं, दक्षिणेतले प्रांत उलटले आणि तिजोरीचा तळ दिसायला लागला.

हांको रोडवरच्या बँक ऑफ चायनाच्या शाखेत ती तार दोघांनी वाचली. मॅनेजर सोंग हानझांग चव्वेचाळिशीच्या आसपासचा, आणि डेप्युटी मॅनेजर झांग जिया-आओ अवघा 26 वर्षांचा, टोकियोच्या केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला. हुकूम पाळला तर शाखा वाचते पण नोट मरते, आणि एकदा मेलेली नोट पुन्हा कोणी हातात घेत नाही. दोघांनी हुकूम मोडायचं ठरवलं.

नुसतं ठरवून भागणार नव्हतं. दुसऱ्या तारेने दोघांना बडतर्फ केलं असतं आणि नवा मॅनेजर येऊन काउंटर बंद करून गेला असता. म्हणून त्यांनी वकील गाठले आणि एक अफलातून शक्कल लढवली. ओळखीच्या बँकवाल्यांना त्यांनी गळ घातली, की आमच्यावर दावा ठोका. शेअरहोल्डर, ठेवीदार आणि नोटधारक अशा तिन्ही नात्यांनी दावे दाखल झाले, तेही शांघायच्या परकीय वसाहतीतल्या मिश्र न्यायालयात, जिथे पेकिंगचं काही चालत नव्हतं. दावा निकाली निघेपर्यंत प्रतिवादींना जागेवरून हलवायचं नाही, हा कायदा. शेअरहोल्डरांची संघटनाही बघता बघता उभी राहिली. तिचा अध्यक्ष झांग जियान, 1894 च्या राजपरीक्षेत देशात पहिला आलेला आणि पुढे सूतगिरणी काढलेला बडा असामी. आडनाव तेच असलं तरी आपल्या झांगशी त्याचं नातं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झांग कामावर निघाला तेव्हा बँक यायच्या बरंच आधीपासून रस्ता माणसांनी तुंबलेला होता. दरवाज्यावर रेटारेटी चालली होती आणि बहुतेकांच्या हातात एक-एक, पाच-पाच युआनच्या दोन-चार नोटा, बस. हे सटोडिये नव्हते, महिन्याचा पगार घेऊन आलेली माणसं होती. काउंटरवरून त्यांना मिळत होतं ते चांदीचं नाणं, आणि त्यावर मुंडकं होतं युआन शिकाईचं. 1914 पासून पाडलेल्या त्या नाण्याला लोक ‘युआन दातोऊ’ म्हणायचे, म्हणजे मोठ्या डोक्याचा युआन. त्या माणसाच्या हुकमावर कोणाचा विश्वास नव्हता, पण त्याच्या चांदीवर सगळ्यांचा होता.

तो शनिवार. एरवी दुपारी बंद होणारी बँक त्या दिवशी दुपारीही चालू ठेवली. रविवारीही उघडली. परकीय बँकांनी 20 लाखांपर्यंत उचल द्यायची तयारी दाखवली. आठवड्याभरात गर्दी विरत गेली. मागितलं की मिळतंय म्हटल्यावर मागायला कोण येतो? युआन शिकाई 6 जूनला वारला.

यातली गंमत पुढच्या काही वर्षांत दिसते. त्या काळच्या चिनी नोटेवर शहराचं नाव छापलेलं असे. बँक तीच, नक्षी तीच, पण ‘पेकिंग’ छापलेली नोट बट्ट्याने खपायची आणि ‘शांघाय’ छापलेली पुऱ्या किमतीला. फरक एका नावाचा, म्हणजे खरं तर एका काउंटरचा.

कागदी पैसा चिन्यांचाच शोध, हे आपण शाळेत शिकतो. पण शोध कागदाचा होता की वचनाचा, हे शाळेत सांगत नाहीत. सिचुआन प्रांतात लोखंडी नाणी चालत. ती इतकी जड, की बाजाराला जाताना गाठोडं वाहावं लागे. लोक ती सावकाराकडे ठेवून पावती घ्यायचे, आणि पावतीच हातोहात फिरायला लागली. 1024 मध्ये सोंग राजवटीने ते काम आपल्या हाती घेतलं आणि ‘जिआओझी’ ही सरकारी नोट काढली. मूळ मात्र पावतीचं. तुमचं आमच्याकडे आहे, मागाल तेव्हा देऊ. आपल्या हुंडीची जात हीच. शान्सी प्रांतातल्या पिंगयाओ गावात 1823 च्या सुमारास सुरू झालेली रिशेंगचांग पेढी देशभर जो कागद चालवायची, तो आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या सराफाने हातात घेताच ओळखला असता.

दुसरी जात मिंग काळातली. 1375 पासून निघालेली ती नोट तुतीच्या सालीच्या करड्या कागदाची, लांबीला फूटभराहून जास्त. मधोमध नाण्यांच्या दहा माळांचं चित्र, म्हणजे अक्षरशत्रूलाही किंमत कळावी. खाली मजकूर असा, की खोटी नोट करणाऱ्याचं डोकं उडवलं जाईल आणि त्याला पकडून देणाऱ्याला 250 लियांग चांदी मिळेल (एक लियांग आपल्या तोळ्याच्या तिपटीहून जड). बक्षीस चांदीत, नोटेत नव्हे! नोट घेऊन आलात तर काय मिळेल, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. वचनाच्या जागी धमकी. ती नोट शंभर वर्षंही धड टिकली नाही.

या दोन जातींच्या मध्ये एक आपलाही माणूस येतो. मुहम्मद तुघलकाने चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याचा टंका चालवला. ही कल्पना त्याला चीनच्या कागदी चलनावरून सुचली, असं फरिश्त्याने लिहून ठेवलंय. हा फरिश्ता आधी अहमदनगरच्या आणि मग विजापूरच्या दरबारात होता. त्या टंक्यांपैकी काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीत पडले. घरोघरी खोटी नाणी पडायला लागली आणि योजना कोसळली. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द आपण उठसूट वापरतो, पण शेवटी सुलतानाने लोकांची पितळी नाणी खजिन्यात परत घेऊन त्यांना सोनं-चांदी मोजून दिलं, हे सोयीस्कर विसरतो. वचन पाळलं म्हणूनच खजिना बसला. युआन शिकाईपेक्षा तो बराच बरा म्हणायचा.

आता पुन्हा झांगकडे. 1916 नंतर त्याचं नाव झालं. पुढच्याच वर्षी तो पेकिंगला बँकेचा उपगव्हर्नर झाला. अर्थमंत्री होता लिआंग छिचाओ, सुधारकांचा मेरुमणी. त्याच्या मदतीने झांगने बँकेचे नियम बदलून घेतले: वरच्या खुर्च्यांवर बसणारी माणसं शेअरहोल्डरांनी निवडलेल्या संचालकांतूनच घ्यायची. पुढे काही वर्षांत सरकारने पैशाच्या अडचणीत आपले शेअर विकून टाकले आणि सरकारचा हिस्सा नावापुरता उरला. सरकारी बँक अशी चोरपावलांनी खाजगी झाली.

घरचा गोतावळाही जबर. भाऊ झांग जुनमाई तत्त्वज्ञ आणि राजकारणी, पुढे चीनच्या 1946 च्या राज्यघटनेचा मसुदाकार. बहीण योयी. तिचं लग्न झांगनेच जमवलं. प्रांतिक नोकरीत असताना हांगझोच्या एका शाळेत त्याने एका विद्यार्थ्याचा निबंध वाचला आणि मुलगा आपल्या बहिणीला योग्य आहे असं ठरवून टाकलं. मुलाचं नाव शू झिमो. तोच पुढे आधुनिक चिनी कवितेचा लाडका झाला, आणि 1924 च्या चीन दौऱ्यात रवींद्रनाथांचा दुभाषी. नोट ओळखणाऱ्या या माणसाला मेहुणा काही ओळखता आला नाही. 1922 मध्ये बर्लिनला झिमोने योयीला घटस्फोट दिला. तान्हं मूल घेऊन ती परदेशात एकटी राहिली. पण पुढे शांघायला परतल्यावर ती विमेन्स सेव्हिंग्ज बँकेची उपाध्यक्ष झाली. तिने आपलं टेबल हॉलच्या अगदी मागच्या टोकाला लावलं, म्हणजे सगळे कारकून आणि सगळे काउंटर एका नजरेत. भावाच्या गोष्टीत मला हे टेबल फार आवडतं.

1927 मध्ये राष्ट्रवादी सेनापती चियांग काय-शेक शांघायला पोहोचला आणि त्याने शहरातल्या बँकांकडे पैसे मागायला सुरुवात केली. मागायला म्हणजे मराठीत ज्याला आपण खंडणी म्हणतो तसं. 1928 च्या नोव्हेंबरात त्याच्या सरकारने स्वतःची सेंट्रल बँक काढली, गव्हर्नर त्याचा मेहुणा सोंग त्झवेन, परदेशात टी. व्ही. सूंग म्हणून ओळखला जाणारा. बँक ऑफ चायनाला परकीय हुंडणावळीचं काम वाटून दिलं, सरकारने एक पंचमांश शेअर घेतले आणि झांग जनरल मॅनेजर झाला. त्याने मुख्य कचेरी पेकिंगहून शांघायला हलवली, 1929 मध्ये लंडनला कचेरी उघडली. बंदवर, नदीकाठी, नवी टोलेजंग इमारत बांधायचं घाटलं. शेजारी व्हिक्टर ससूनची इमारत, ज्याच्या घराण्याने मुंबईत गोदी आणि ग्रंथालय ठेवलं आणि पैसा शांघायला नेला. बँकेची इमारत आपल्या छपरापेक्षा उंच जाता कामा नये असं ससूनने बजावलं, म्हणून ती थोडी खालीच थांबली, असं शांघायमध्ये सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण आजही दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या आहेत आणि बँकेची किंचित बुटकी आहे.

अडचण आली अमेरिकेतून. चीनचं चलन चांदीवर उभं. जून 1934 मध्ये अमेरिकेने कायदा करून जगभरची चांदी चढ्या भावाने विकत घ्यायला सुरुवात केली, आपल्या खाणवाल्यांना खूश करायला. चिनी चांदी बोटी भरभरून बाहेर चालली. बाजारात पैसा आटला, पेढ्या बसायला लागल्या. त्यात झांगची बँक आपल्याकडचे सरकारी रोखे कमी करत चालली होती, आणि वार्षिक अहवालात सरकारी तुटीबद्दल स्पष्ट लिहीत होती. हे अहवाल लोक वाचायचे, हीच सरकारची खरी ठसठस.

23 मार्च 1935 रोजी अर्थमंत्री कुंग श्यांगशीने जाहीर केलं, की बँक ऑफ चायना आणि बँक ऑफ कम्युनिकेशन्स या दोन्ही बँकांत सरकार भांडवल घालणार. कुंग हा चियांगचा साडू, शान्सीतल्या पेढीवाल्या घराण्यातला, स्वतःला कन्फ्यूशियसचा वंशज म्हणवणारा. भांडवल कुठून आणलं, तर सरकारने नवे कर्जरोखे छापले आणि त्यांच्याच बदल्यात शेअर घेतले. म्हणजे स्वतःच्या उधारीच्या चिठ्ठीवर सरकारने बँक विकत घेतली. सोंग त्झवेन अध्यक्ष झाला. ग्रीन गँगचा म्होरक्या दू युएशेंग संचालक मंडळावर आला. अफूचा धंदेवाला बँकेचा संचालक! झांगला सेंट्रल बँकेत दुय्यम उपगव्हर्नर नेमून बाजूला केलं. 22 वर्षांची बँक त्याच्या हातून गेली. 1916 चा साथीदार सोंग हानझांग मात्र त्याच्या खुर्चीवर बसला. त्याला दोष द्यावा की त्याने बँक आतून सांभाळली म्हणावं, याबद्दल माझं अजून ठरलेलं नाही.

त्याच वर्षी 4 नोव्हेंबरपासून ‘फाबी’ आली. नोट हेच कायदेशीर चलन, चांदी सरकारजमा. नोट दाखवून चांदी मागायची सोय संपली. हांको रोडवर ज्यासाठी नोकरी पणाला लावली होती, ते वचनच नोटेवरून उतरलं. खरं सांगायचं तर ही सुधारणा वाईट नव्हती. चांदीचा फास सुटला आणि दोन वर्षं बाजार सावरला. फक्त आता छापखान्याला लगाम उरला नाही, आणि हे तेव्हा कोणाला फारसं बोचलं नाही.

झांगला महिन्याभरात मंत्रिपद मिळालं. आधी रेल्वे, मग 1938 पासून दळणवळण, 1942 अखेरपर्यंत. तिथेही तो बँकरच राहिला. परदेशी धनकोंची जुनी थकलेली रेल्वे कर्जं तडजोडीने मिटवायची आणि त्या पतीवर नवी उचलायची. पण 1937 मध्ये जपानी आले, आणि जे रूळ टाकले ते उखडून मागे न्यायची वेळ आली. बर्मा रस्ता बंद पडल्यावर सगळा भार आसामहून हिमालयावरून जाणाऱ्या विमानांवर पडला. त्या विमानांत दारूगोळा, पेट्रोल, औषधं, आणि पेटीच्या पेट्या नोटा. फाबी परदेशात छापून घेतली जायची, ती हिंदुस्थानातून उडत चीनला जायची. जगातल्या सगळ्यात धोक्याच्या हवाईमार्गाने कागद वाहून न्यायचा, आणि पोचेपर्यंत त्याची किंमत उतरलेली!

याच वर्षांत आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उत्तरेत, जिन-चा-जी भागात जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. तिथे फाबीचं राज्य नव्हतं. कम्युनिस्टांच्या सीमाभाग बँकेच्या नोटा चालायच्या, भरड कागदाच्या. ती बँक पुढे दुसऱ्या बँकांत मिसळत गेली, आणि त्यातूनच 1 डिसेंबर 1948 रोजी पीपल्स बँक ऑफ चायना जन्माला आली, शिजियाझुआंग शहरात. आजच्या रेनमिन्बीची वंशावळ शांघायहून नव्हे, तर त्या खेड्यांतून येते. कोटणीसांची समाधी आहे तीही शिजियाझुआंगमध्येच.

युद्ध संपल्यावर झांगला मांचुरियात पाठवलं. रशियन सैन्याने कारखान्यांतली यंत्रं उपटून नेली होती आणि ते आपल्या लष्करी नोटा वाटत होतं. काही महिने वाटाघाटी करून तो हात हलवत परतला.

मार्च 1947. सोन्याच्या सट्टेबाजीचा बोभाटा होऊन सोंग त्झवेनचं पंतप्रधानपद गेलं आणि सेंट्रल बँकेचा गव्हर्नर बेई झूयी पायउतार झाला. या बेईचा मुलगा म्हणजे हाँगकाँगमधला बँक ऑफ चायनाचा टॉवर बांधणारा वास्तुकार आय. एम. पेई. रिकाम्या खुर्चीवर झांग आला. 1916 मध्ये सरकारला नाही म्हणणारा माणूस आता देशाच्या छापखान्याचा मालक. लोकांनी सुस्कारा टाकला असेल. पण आकडे बघा. 1937 च्या मध्यावर चलनात 140 कोटी फाबी होत्या. युद्ध संपताना सुमारे 55,700 कोटी. 1947 संपताना 33 लाख कोटी. लोक नोटा मोजत नव्हते, गठ्ठे मोजत होते.

त्याने हात-पाय मारले. परकीय चलनावर बंधनं, कर्जाला आळा, डॉलरच्या किमतीचे रोखे. रोखे कोणी घेईना. सरकारचा निम्म्याहून जास्त खर्च छापून भागत होता आणि तो मुख्यतः यादवी युद्धाचा होता. चियांगने सैन्याच्या पगाराला पैसे मागितले की नाही म्हणायची सोय नव्हती.

1916 मध्ये ती का होती? झांग तेव्हा तरुण आणि धाडसी होता, हे खरं. पण त्याच्या हातात तीन गोष्टी होत्या: सरकारच्या विरुद्ध उभे राहू शकणारे शेअरहोल्डर, तळघरातली चांदी, आणि पेकिंगचा हात पोचत नाही असं न्यायालय. ते न्यायालय परकीयांच्या दांडगाईतून आलेलं होतं. कुठल्याही स्वाभिमानी चिनी माणसाला ते नकोसंच असणार, आणि ते 1927 मध्ये गेलं, परकीय वसाहतीही 1943 मध्ये गेल्या, हे योग्यच झालं. चांदी 1935 मध्ये गेली. सेंट्रल बँकेत मालक एकच, सरकार. एवढं सगळं गेल्यावर उरलेल्या एकट्या माणसाकडून 1916 ची अपेक्षा करायची म्हणजे पोहणाऱ्याला विहिरीतलं पाणी काढून पोहायला सांगण्यासारखं. मात्र राजीनामा देता आला असता, तो त्याने लगेच दिला नाही. मे 1948 मध्ये तो पायउतार झाला.

ऑगस्टमध्ये नवं चलन आलं, ‘गोल्ड युआन’. 30 लाख फाबी द्या आणि एक गोल्ड युआन घ्या. आणण्याआधी चियांगने झांगचं मत विचारलं होतं. खर्च आटोक्यात येत नसेल तर नोट बदलून उपयोग नाही, असं त्याने सांगितलं. ऐकलं गेलं नाही. लोकांना घरातलं सोनं-चांदी बँकेत आणून द्यायला लावलं. डिसेंबरात सरकारने थोडं सोनं परत विकायचं ठरवलं, तेव्हा बंदवर जी झुंबड उडाली तिचं छायाचित्र आंरी कार्तिए-ब्रेसाँने काढलंय. माणसं एकमेकांत इतकी घट्ट रुतलेली, की कोणाचा हात कुठला ते समजत नाही. त्या गर्दीत काही जण चेंगरून मेले. बँक तीच की दुसरी, हे महत्त्वाचं नाही. 32 वर्षांपूर्वीच्या गर्दीपासून ही जागा चालत काही मिनिटांवर आहे.

झांग हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया असा फिरत लॉस एंजेलिसला पोचला आणि साठीनंतर लोयोला विद्यापीठात मास्तरकी करू लागला. 1958 मध्ये त्याचं चीनच्या चलनवाढीवरचं पुस्तक आलं. आकडे, तक्ते, कारणमीमांसा. स्वतःबद्दल जवळजवळ काही नाही. पुढे तो स्टॅनफर्डच्या हूव्हर इन्स्टिट्यूशनमध्ये काम करायला गेला आणि 1979 मध्ये, वयाच्या नव्वदीला टेकताना, कॅलिफोर्नियातच वारला.

त्याची कागदपत्रं हूव्हरमध्ये आहेत. त्याची बँक घेणाऱ्या कुंगची आणि सोंग त्झवेनचीही तिथेच. चियांगच्या रोजनिशा 2023 मध्ये तैवानला परत गेल्या, तोवर त्याही तिथेच होत्या. पैसे मागणारा, बँक घेणारा आणि काउंटर उघडा ठेवणारा, तिघांच्या पेट्या तोवर एका छपराखाली होत्या. बघायच्या असतील तर आधी चिठ्ठी भरून द्यावी लागते, मग माणूस आतून पेटी आणून टेबलावर ठेवतो.